बॉयलरवाल्यांचे कान

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी टॉमस बार नावाचे कानाचे डॉक्टर होते. १८८६ साली तेथील फिलॉसॉफिकल सोसायटीच्या वृत्तांतात त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मोठ्या आवाजात काम करणाऱ्या माणसांच्या श्रवणशक्तीचे काय होते, हा त्याचा विषय. त्या वेळी आवाज मोजण्याचे यंत्र सर्रास वापरात नव्हते आणि ऐकू किती येते हे मोजण्याचेही नव्हते. बार यांनी वापरले एक खिशातले घड्याळ. घड्याळ कानापासून दूर न्यायचे, मग हळूहळू जवळ आणायचे, आणि टिकटिक कोणत्या अंतरावर ऐकू येऊ लागते ते टिपून ठेवायचे. एवढ्या साध्या साधनाने त्यांनी जे दाखवून दिले, ते मान्य करून त्यावर नियम करायला औद्योगिक जगाला पुढे ऐंशी वर्षे लागली. ही ऐंशी वर्षे कशात गेली, हे या लेखात पाहायचे आहे.

ग्लासगो क्लाइड नदीच्या काठी आहे, आणि वाफेची जहाजे बांधणे हा त्या काळी या नदीकाठचा मोठा धंदा होता. जहाजाचा बॉयलर म्हणजे लोखंडी पत्र्यांचे प्रचंड पिंप. त्याचे पत्रे एकमेकांना रिव्हेटने, म्हणजे बिनआट्यांच्या जाड खिळ्यांनी, जोडलेले असत. लालबुंद तापवलेला रिव्हेट भोकात घालायचा, बाहेरून घणाचे घाव घालून त्याचे टोक चपटे करायचे, आणि त्याच वेळी पिंपाच्या आत बसलेल्या माणसाने जड लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या दुसऱ्या बाजूला दाबून धरायचा. बंद पिंपात बसलेल्या या माणसाच्या डोक्याभोवती चारही बाजूंनी पत्रा, आणि त्या पत्र्यावर बाहेरून अखंड घणाघात. मोठ्या घंटेच्या पोटात बसून ती वाजवून घेण्यासारखाच हा प्रकार. दिवसाचे नऊ-दहा तास, वर्षानुवर्षे.

बार यांनी १०० बॉयलर बांधणारे कामगार तपासले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी १०० ओतारीही तपासले, आणि १०० पोस्टमनही. शिक्षक-वाचकांनी या तपशिलाकडे विशेष लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. बॉयलरवाल्यांना कमी ऐकू येते हे ग्लासगोत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. परंतु कमी म्हणजे कोणापेक्षा कमी? त्याच शहरातले, त्याच हवेत वाढलेले, तशीच कष्टाची कामे करणारे, पण आवाजापासून दूर असलेले लोक कसे ऐकतात, हे माहीत असल्याखेरीज उत्तर देता येत नाही. पोस्टमन हे आवाजाविना कष्टाचे, तर ओतारी मधल्या आवाजाचे उदाहरण. प्रयोगात तुलनागट का हवा हे नववीच्या वर्गाला समजावून सांगायला याहून चांगले ऐतिहासिक उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

निष्कर्ष स्पष्ट होते. शंभर बॉयलरवाल्यांत एकाचेही ऐकणे नेहमीसारखे निघाले नाही. बार यांनी प्रत्येकाला आणखी एक साधा प्रश्न विचारला होता: जाहीर सभेतले भाषण तुम्हांला नीट ऐकू येते का? पोस्टमनांपैकी अवघ्या ८ जणांची याबाबत तक्रार होती, ओताऱ्यांपैकी १२ जणांची, आणि बॉयलरवाल्यांपैकी ७५ जणांची. घड्याळाच्या अंतरापेक्षा हा प्रश्न आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. माणूस चर्चमध्ये जाणे सोडतो, संघटनेच्या सभेत मागे बसून नुसताच माना डोलावतो, घरात नातवाचे बोलणे त्याला कळत नाही; हे नुकसान टिकटिकीच्या इंचांत मोजता येत नाही.

तांबटांची वस्ती

बार यांच्या आधीही हे कोणी लिहिले नव्हते असे नाही. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांना व्यवसायजन्य रोगांच्या शास्त्राचे जनक मानतात. रोग्याला परंपरेने विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत ‘तुमचा धंदा कोणता?’ या प्रश्नाची भर घाला, असे वैद्यांना सांगणारा हा माणूस. कारागिरांच्या रोगांवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० साली निघाला आणि १७१३ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. तीत त्यांनी व्हेनिसच्या तांबटांचे वर्णन केले आहे. हे सारे तांबट शहराच्या एकाच भागात राहत आणि दिवसभर तांबे ठोकत. तो गलका असा, की त्यांच्याखेरीज दुसरे कोणी तेथे राहायला धजत नसे. या लोकांना आधी कमी ऐकू येऊ लागते आणि याच धंद्यात म्हातारपण आले तर ते ठार बहिरे होतात, असे रामाझ्झिनींनी नोंदवले. कारण म्हणून त्यांनी कानाच्या पडद्याचा स्वाभाविक ताण सततच्या माऱ्याने नाहीसा होतो असे मानले. कारण चुकले, पण निरीक्षण बरोबर होते.

हे वर्णन वाचताना पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आठवल्यावाचून राहत नाही. घागरी-हंडे मठारण्याचे ठोके तेथे पेशवाईपासून पडत आले आहेत. आपल्याकडच्या एका पक्ष्यालाही लोकांनी त्याच्या ‘टुक् टुक्’ आवाजावरून तांबट हेच नाव दिले. म्हणजे तांबटांचा आवाज आपल्या भाषेने नीट ऐकला होता, पण तांबटांच्या कानांचे काय होते याची नोंद करणारा आपला रामाझ्झिनी त्या काळात झाला नाही.

१८३१ साली जॉन फॉस्ब्रोक या इंग्रज डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात लोहारांच्या बहिरेपणावर लिहिले. हे बहिरेपण एकदम येत नाही, पावलापावलाने येते, चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास जाणवू लागते आणि त्याच्या जोडीला कानात आवाज घुमत राहतात, ही त्यांची निरीक्षणे आजच्या पाठ्यपुस्तकातही जशीच्या तशी घालता येतील. ‘हळूहळू येते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बोट तुटले तर तारीख सांगता येते. ऐकणे कोणत्या तारखेला गेले?

कानात नेमके बिघडते काय

बाह्यकर्णातून येणारा आवाज कर्णपटल हलवतो, ती हालचाल तीन चिमुकल्या हाडांमार्फत आत जाते आणि शंखासारख्या पिळदार अशा कर्णावर्तात पोचते. त्याच्या आत एका लांबट पडद्यावर केसपेशींच्या रांगा असतात. आल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ साली या रचनेचे वर्णन केले. माणसाच्या एका कानात अशा सुमारे पंधरा हजार पेशी असतात. डोळ्यांतील प्रकाशग्राही पेशी कोट्यवधी आहेत हे लक्षात घेतले, म्हणजे हा संग्रह किती तुटपुंजा आहे ते कळेल. पडद्याचा मध्यकर्णाजवळचा भाग उंच स्वरांना प्रतिसाद देतो आणि टोकाकडचा भाग खालच्या स्वरांना. १८९० साली हाबरमान यांनी आवाजात आयुष्य काढलेल्या एका वृद्ध धातुकारागिराचे कान मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कर्णावर्ताच्या पहिल्या वेढ्यातील केसपेशी नष्ट झालेल्या आढळल्या. रामाझ्झिनींच्या पडद्याचा येथे काही संबंध उरला नाही. बिघाड आतल्या कानात होता, उंच स्वरांच्या भागात होता, आणि त्यावर औषध नव्हते. आजही नाही.

उंच स्वरांच्या भागातच का? याचा एक भाग शाळेतल्या भौतिकशास्त्राने उलगडतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी व दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद. अशा नळीत ज्या ध्वनीची तरंगलांबी नळीच्या चौपट असते, त्याचे अनुनादाने वर्धन होते. अडीच चोक दहा सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. भागाकार केला की वारंवारता येते ३४०० हर्ट्झ. म्हणजे कारखान्याचा आवाज कसाही सरमिसळ असो, आपली स्वतःची कर्णनलिका त्यातला तीन-साडेतीन हजार हर्ट्झचा भाग उचलून धरते. शिवाय तीव्र आवाजाने होणारी इजा त्या आवाजाच्या वारंवारतेपेक्षा थोड्या वरच्या वारंवारतेला सर्वांत जास्त दिसते. दोन्ही मिळून पहिला घाव बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास.

१९२० च्या दशकात निर्वात नळ्यांवर चालणारे श्रवणमापक यंत्र आले आणि हा घाव कागदावर दिसू लागला. बाकी आलेख सपाट, आणि चार हजारांपाशी एक खळगा. जुने डॉक्टर ऐकणे तपासायला नादकाटे वापरीत. त्यांतला ४०९६ हर्ट्झचा काटा ‘सी-पाच’ म्हणून ओळखला जाई, म्हणून या खळग्याला सी-पाचचा खळगा असे नाव पडले. आपल्या प्रयोगशाळेतला २५६ चा नादकाटा हातात घेऊन विद्यार्थ्यांना विचारावे, येथून ४०९६ किती सप्तके वर आहे? (चार.) बार यांच्या घड्याळाची टिकटिकही अशाच उंच स्वरांची असते. त्यांना या खळग्याची कल्पना असणे शक्यच नव्हते, पण हाताशी असलेले साधन नेमके दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारे निघाले.

या खळग्यामुळेच रोगी आणि घरचे, दोघांचीही फसगत होते. बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, खालच्या वारंवारतेचे आणि जोरकस असतात, तर स, श, च ही व्यंजने उंच वारंवारतेची आणि दुबळी. खळगा रुंदावत गेला की व्यंजने गळू लागतात. भाजीवाला ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’ ते कळत नाही. आवाज येतो, शब्द लागत नाही. ‘ओरडतोस कशाला, ऐकू येतंय मला, नीट बोल’ असे म्हणणारा म्हातारा हट्टी नसतो, तो आपल्या आलेखाचे अचूक वर्णन करीत असतो.

कानाला स्वतःचा बचाव करता येत नाही का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. मध्यकर्णात एक चिमुकला स्नायू आहे. मोठा आवाज आला की तो आकसतो आणि हाडांची साखळी थोडी ताठ करतो. पण तो मुख्यतः खालच्या वारंवारतांना अडवतो आणि त्याला हलायला काही शतांश सेकंद लागतात. घणाचा आवाज तोवर आत जाऊन पोचलेला असतो.

इजा कोणाला म्हणायचे?

कारणे कळली, आलेख काढता येऊ लागले, तरी कायदा मात्र बराच काळ अडून राहिला होता. त्यामागे एक विचित्र तर्क होता. औद्योगिक अपघातांची भरपाई ही बुडालेल्या मजुरीची भरपाई, अशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकी कायद्यांची सर्वसाधारण धारणा होती. हात तुटला तर काम सुटते, मजुरी बुडते, म्हणून भरपाई. पण बहिरा झालेला घणकरी दुसऱ्या दिवशी कामावर हजर असतोच! उलट तेथला आवाज आता त्याला कमी सोसावा लागतो. मजुरी बुडाली नाही, सबब नुकसान नाही. आवाजाने येणारे बहिरेपण या तर्काच्या फटीतून वर्षानुवर्षे निसटत राहिले. त्यात कामगारांनीही ते धंद्याचा शिक्का म्हणून स्वीकारले होते. इंग्रजीत त्याला ‘बॉयलरमेकर्स इअर’ असे नावच पडले होते, आणि ज्याला नाव पडते ते बहुधा अंगवळणीही पडते.

१९४८ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने स्लाविन्स्की नावाच्या कामगाराच्या बाजूने निकाल दिला. हा ज्या कारखान्यात होता तेथे तापल्या लोखंडावर जड घण वरून पाडून अवजारांना आकार देत. त्याची मजुरी एक दिवसाचीही बुडाली नव्हती. तरी ऐकणे गेले ही स्वतंत्र इजा आहे आणि तिची भरपाई मिळाली पाहिजे, हे न्यायालयाने मान्य केले. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यातही असाच निकाल लागला. यानंतर विमा कंपन्या आणि कारखानदार यांना एकदम श्रवणमापनात रस वाटू लागला. कामावर घेतानाच कान तपासले, तर आधीचे नुकसान आपल्या माथी येत नाही, हा त्यातला हिशेब. हेतू कोणताही असो, या तपासण्यांतून शास्त्राला हवी असलेली आकडेवारी जमू लागली.

तरीही एक अडचण होती. वयपरत्वे सर्वांचेच ऐकणे कमी होते. मग वयाचा वाटा किती आणि आवाजाचा किती? शिवाय बहुतेक कारखान्यांत यंत्रे बदलतात, माणसे खाती बदलतात, कोणी किती आवाज किती वर्षे सोसला ते सांगता येत नाही. स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या ताग-गिरण्यांनी ही अडचण सोडवली. (ताग अर्थात बंगालचा.) तेथे तेच माग, त्याच जागी, दशकानुदशके चालत होते. आवाज १०० डेसिबेलच्या आसपास. मागांवर बहुतेक बायका, आणि त्या वर्षानुवर्षे तेच काम करीत. कोणी नव्याने लागलेली, कोणी आयुष्य घालवून निवृत्त झालेली. टेलर, बर्न्स आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली त्यांचे आलेख प्रसिद्ध केले. वयाचा वाटा वजा केल्यावर दिसले ते असे, की ४००० हर्ट्झपाशी होणारे नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच बहुतांशी होऊन जाते. वीस वर्षांच्या मुलीला तिशी-पस्तिशीत जे गमवायचे ते गमावून झालेले असते. कळते ते पन्नाशीला.

मुंबईच्या गिरण्यांतले मागही मोठ्या प्रमाणावर लँकेशायरहूनच आलेले होते, आणि धोट्यावर दर फेरीला दोन्ही बाजूंनी बसणारा फटका तोच होता. लँकेशायरच्या विणकर बायका ओठ मोठे हलवून, हातवाऱ्यांनी एकमेकींशी बोलत. त्या बोलण्याला तेथे ‘मी-मॉइंग’ म्हणत. हे कौतुकाने सांगितले जाते, पण कामाच्या जागी बोलायला नवी भाषा शोधावी लागते याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

आता इतिहासातला तो भाग, जो आम्हांला सर्वांत बोचतो. ब्रिटनच्या श्रम मंत्रालयाने १९६३ साली ‘नॉइज अँड द वर्कर’ ही छोटी पुस्तिका काढली. १९८४ साली जहाजदुरुस्तीच्या गोदीतील काही बहिऱ्या झालेल्या कामगारांचा खटला न्यायमूर्ती मस्टिल यांच्यापुढे चालला. हे कामगार गोद्यांत कित्येक दशके राबलेले होते. प्रश्न असा, की मालकांना हा धोका केव्हापासून माहीत असायला हवा होता? न्यायमूर्तींनी उत्तर दिले, सुमारे १९६३ पासून. त्याआधी बहिरेपण माहीत होते, पण ते धंद्याचा अटळ भाग मानले जात होते आणि सगळेच मालक तसेच वागत होते. म्हणून त्यापूर्वीच्या नुकसानीला मालक जबाबदार नाही. त्यानंतर जी भर पडली, तेवढीच भरपाईस पात्र.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल विचारपूर्वक दिलेला आहे. कानाला लावायची खात्रीची साधने आणि त्यांबद्दलचा सल्ला सामान्य मालकापर्यंत केव्हा पोचला, हे त्यात बारकाईने तपासले आहे. परंतु बार यांचा निबंध १८८६ सालचा, आणि तोही त्याच बेटावरचा, त्याच धंद्यावरचा! सत्याहत्तर वर्षे ही माहिती कोणाच्या मालकीची होती? डंडीचा आलेख आणि हा निकाल शेजारी ठेवून पाहावा. १९४० च्या सुमारास कामाला लागलेल्या माणसाच्या उंच स्वरांचे नुकसान १९५५ पर्यंत बरेचसे होऊन गेलेले असणार. त्याच्या वाट्याला भरपाई आली ती उरलेल्याची.

दरम्यान बॉयलरवाल्यांचा जो काही बचाव झाला तो डॉक्टरांनी नव्हे, वेल्डिंगने केला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जहाजांचे पत्रे रिव्हेटऐवजी वितळजोडाने जोडले जाऊ लागले आणि तो जुना घणाघात संपत गेला. ते कानांसाठी केलेले नव्हते, काम स्वस्त आणि जहाज हलके व्हावे म्हणून केले होते. आवाज जेथे जन्मतो तेथेच तो कमी करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय, असे अभियंते आज सांगतात त्याचे हे आद्य उदाहरण म्हणता येईल.

तीन की पाच?

मर्यादा ठरवायची तर एकक हवे. डेसिबेल हे नाव १९२८ सालचे, अमेरिकेच्या टेलिफोन अभियंत्यांनी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्यावरून ठेवलेले. ही मोजपट्टी लॉगरिथमची आहे. १० डेसिबेल वाढले की ऊर्जा दसपट, ३ वाढले की जवळजवळ दुप्पट (कारण २ चा लॉगरिथम ०.३०१). बर्न्स आणि रॉबिन्सन यांनी १९७० साली ब्रिटिश कारखान्यांतील मोठ्या पाहणीवरून असे दाखवले, की कानाचे नुकसान कानात शिरलेल्या एकूण ध्वनिऊर्जेवरून बऱ्यापैकी सांगता येते. म्हणजे आवाज ३ डेसिबेलने वाढला तर वेळ निम्मा केला पाहिजे.

अमेरिकेने मात्र १९६९ साली ९० डेसिबेल, आठ तास ही मर्यादा घातली आणि दर ५ डेसिबेलला वेळ निम्मा असा नियम केला. मध्येमध्ये विश्रांती मिळाली की कान सावरतो, ही त्यामागची भूमिका. फरक वरवर क्षुल्लक दिसतो. विद्यार्थ्यांकडून हिशेब करून घ्यावा. ९० ला आठ तास धरले, तर १०० डेसिबेलला किती वेळ चालेल? पाचच्या नियमाने दोन तास, तीनच्या नियमाने सुमारे ४८ मिनिटे. ११५ ला? पाचच्या नियमाने पंधरा मिनिटे, तीनच्या नियमाने दीड मिनिट. अमेरिकेच्याच व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ साली ८५ डेसिबेल आणि ३ चा नियम यांची शिफारस केली आणि धोक्याचे अंदाजही दिले. चाळीस वर्षे रोज ९० डेसिबेलमध्ये काम केले तर शंभरातील सुमारे २५ जणांना आवाजामुळे लक्षणीय बहिरेपण येईल. ८५ ठेवली तर ८ जणांना. मर्यादेचा आकडा निसर्गाने दिलेला नसतो. शंभरातली किती माणसे चालतील याचा तो निर्णय असतो.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, ज्या रोगांची खबर देणे बंधनकारक होते त्यांत, आवाजाने येणारे बहिरेपण होते. त्याची जागा घेण्यासाठी २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेच्या अनुसूचीतही ते आहे. कारखाना कायद्याखालच्या नमुना नियमांतील कोष्टक मात्र अमेरिकी वळणाचे: ९० ला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन, ११५ ला पाव तास.

कानातले बोळे

कापसाचे बोळे कारागीर फार पूर्वीपासून घालत आले आहेत. साध्या कापसाने आवाज फारसा अडत नाही, कारण हवा त्यातून सहज जाते. १९०७ साली बर्लिनमध्ये माक्स नेगवर या औषधविक्रेत्याने मेणात भिजवलेल्या कापसाच्या गोळ्या तयार केल्या. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि विमाने यांच्यामुळे रबरी बोळ्यांवर पद्धतशीर संशोधन झाले. बोटांनी वळून बारीक करायचा आणि कानात हळूहळू फुगणारा फेसाळ प्लास्टिकचा बोळा १९७२ च्या सुमारास अमेरिकी बाजारात आला. नीट बसवला तर तो ३० डेसिबेल अडवू शकतो.

हा ‘नीट’ आणि त्याच्या जोडीला ‘सतत’, यांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा कामगाराने आठ तासांपैकी ४८ मिनिटे, म्हणजे एक दशांश वेळ, बोळा काढून ठेवला. घाम आला, मुकादम काही सांगत होता, कारण काहीही असो. बोळा असताना कानात पोचणारी ऊर्जा हजारांश, नसताना पूर्ण. एकूण ऊर्जा ०.९ भागिले १००० अधिक ०.१, म्हणजे जवळजवळ ०.१. दसपट घट, अर्थात १० डेसिबेल. तीस डेसिबेलचा बोळा नऊ दशांश वेळ वापरूनही लाभ दहाचाच! बोळे वाटून नोंदवहीत सही घेतली की कर्तव्य संपले असे मानणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी हे गणित एकदा फळ्यावर मांडून पाहावे.

साधनाविना आवाजाचा अंदाज घ्यायचा तर एक साधी कसोटी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तेथे ८५ डेसिबेल किंवा त्याहून अधिक आवाज असण्याचा संभव आहे. वरातीतल्या भिंतीपुढे, पिठाच्या गिरणीत, शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात ही कसोटी मुलांना करून पाहता येईल.

गेल्या चाळीस वर्षांत या कथेत दोन नव्या गोष्टींची भर पडली आहे. १९८८ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांत आणि लाव्यांत असे आढळले, की आवाजाने नष्ट झालेल्या केसपेशी पक्ष्यांच्या कानात पुन्हा उगवतात. सस्तन प्राण्यांत तसे होत नाही, आणि का होत नाही हे शोधून ती क्षमता जागी करता येईल का, यावर बऱ्याच प्रयोगशाळांत काम चालू आहे. दुसरी गोष्ट इतकी आशादायक नाही. पाळी संपवून बाहेर पडल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात आणि सकाळपर्यंत मोकळे होतात, हा अनुभव कामगारांना जुना आहे. मोकळे झाले म्हणजे इजा झाली नाही, असे शास्त्रज्ञही धरून चालत. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर प्रयोग केला. दोन तासांच्या आवाजाने तात्पुरते बहिरेपण आले, ते पूर्ण भरून निघाले, केसपेशीही शाबूत राहिल्या. पण केसपेशी आणि श्रवणचेता यांच्यामधील जोडण्यांपैकी उंच स्वरांच्या भागातील निम्म्याच्या आसपास कायमच्या तुटल्या होत्या. श्रवणमापकाच्या आलेखात हे नुकसान दिसत नाही. माणसांत ते किती प्रमाणात होते याची मोजदाद अजून चालू आहे, आणि ९० असो की ८५, आपल्या साऱ्या मर्यादा त्या आलेखावरूनच ठरवलेल्या आहेत.